गाडीपुढे मांडलेला पाट

बातमी आली तेव्हा मी टाकीच्या पोटात होतो. रोह्याजवळ धाटावच्या कंपन्यांमधल्या ॲसिडच्या टाक्यांना आतून फायबरचं अस्तर लावायचं, हा माझा धंदा. टाकीत उतरलं की बाहेरचं जग बंद होतं. कोणी पत्रा ठोकला तर तो आवाज गोल फिरून सगळीकडून येतो आणि नेमकं कुठून कोण बोलावतंय तेच कळत नाही. त्या दुपारी वॉचमन असाच ठोकत सुटला होता. शिडी चढून वर डोकं काढलं आणि त्याला दोन शब्द सुनावणार, तोच तो म्हणाला, "पेणवरनं फोन होता. तुमचे साडू गेले." मी तिथेच उभा राहिलो, अर्धा आत, अर्धा बाहेर. हाताला लागलेलं अस्तराचं चिकट रेझिन सुकत चाललं होतं. आणि मी विचारलं काय, तर "कुठले साडू?" जसे काय मला गावोगावी साडू होते! मला एकच साडू होता... अनंतराव.

माझ्या बायकोची, मंगलची, थोरली बहीण सुमनताई. तिचे ते यजमान. पेणला गणपतीच्या कारखान्यात त्यांचा जन्म गेला. जेवून जरा पडले, ते चहाला उठलेच नाहीत. आता दीड महिना होत आला. "साडू म्हणजे एकाच सासऱ्यानं दोनदा केलेली चूक," असं ते चारचौघांत सांगायचे आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "ही दुसरी. जास्त महाग पडलेली." स्वभाव गोड वगैरे अजिबात नव्हता. पटकन चिडत, स्वतःच्या कामाची स्वतःच तारीफ करत, आणि दुसऱ्याची मूर्ती बघून "छान हाय, फक्त गणपतीसारखी दिसत नाय" असं तिच्या मालकासमोर म्हणत. पण मी आजवर जी काही थक्क करणारी माणसं पाहिली, त्यांत पहिलं नाव त्यांचंच घेईन. त्यांच्या हाताचं कौतुक पेणमध्ये सगळेच करत. मी थक्क व्हायचो ते त्यांच्या बघण्यानं.

अनंतराव आखणी करत. मूर्ती घडवणारा वेगळा, अंगाला रंग देणारा वेगळा, आणि सगळ्यात शेवटी बारीक ब्रशनं डोळे आखणारा वेगळा. कारखाना घराला लागूनच, चालवायचा त्यांचा धाकटा भाऊ प्रभाकर. पण आखणीच्या खोलीत प्रभाकरसुद्धा चप्पल बाहेर काढून, विचारून यायचा. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिथे गेलो तेव्हाचं आठवतं. फळीवर ओळीनं मूर्ती, सगळ्यांना सोंड, कान, मुकुट, डोळे मात्र नाहीत. मी आपला मोठमोठ्यानं रोह्याच्या गप्पा सांगत होतो. अनंतराव पाटावर बसलेले, समोर उंच चौरंगावर मूर्ती. श्वास धरून ते एक रेघ ओढत, श्वास सोडत, पुन्हा धरत. एकेक मूर्ती होत गेली. मग माझ्या लक्षात आलं की मी कुजबुजत बोलतोय. मला कोणी गप्प बस म्हटलं नव्हतं. अनंतराव मान न वळवता म्हणाले, "डोळे झाले की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, साडूभाऊ. नाय आला तर समजायचं, आखणी फसली."

असा माणूस, आणि त्याचा उजवा हात कापायला लागला. ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट असेल. ऐन हंगामात एका मूर्तीच्या पापणीची रेघ भरकटली. त्यांनी ती पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा भरकटली. मग त्यांनी सगळे ब्रश धुतले, डब्यात उभे करून ठेवले आणि ते बाहेर ओटीवर येऊन बसले. दुसऱ्या दिवशी प्रभाकरनं काही न बोलता मूर्ती दुसऱ्या कारागिरापुढे ठेवल्या. घरात त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्या दिवसापासून उजवा हात पायजम्याच्या खिशात गेला तो गेलाच. जेवतानासुद्धा ते भिंतीकडे तोंड करून बसायला लागले. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, याला औषध नाही. एकदा एसटी स्टँडवर सोडायला आल्या तेव्हा सुमनताई मला म्हणाल्या, "तुमच्या कंपनीत ह्यांना काय तरी काम बघा हो. हात गेला म्हणजे मी गेलो, असं सारखं बोलतात. माणूस आतल्या आत चाललाय..." मी हो म्हटलं. पण ज्या माणसानं देवांना डोळे दिले त्याला मी काय काम देणार होतो, गेटवर बसायचं?

त्याच सुमारास हुसेनभाय दुबईहून परत आला, तो गाडी घेऊनच. हा माझा रोह्याचा शाळेपासूनचा दोस्त. गाडी जपानी, लाल, दोन दारांची, डाव्या बाजूला स्टिअरिंग आणि उंची इतकी कमी की आत बसलेला माणूस कुंडलिकेच्या पुलावरून जाताना कठडा सोडून काही बघू शकत नसे. तिची गंमत म्हणजे हेडलाइट दिवसा झाकलेले. बटण दाबलं की बॉनेटमधून दोन डोळे वर यायचे, पुन्हा दाबलं की गुडुप. ते बघायला रोह्यात गर्दी व्हायची. पण ते मिटले की गाडीच्या तोंडावर उरायची दोन भोकं. बंपरमध्ये खाली दोन्ही बाजूंना धुक्याचे दिवे असायच्या जागा होत्या आणि दिवे नव्हते. गाडी जुनी घेतलेली, दिवे आधीच्या मालकाकडेच काढले गेले होते. पावसाळ्यात त्या भोकांतून चिखल आत जायचा आणि हॉर्न घसा बसल्यासारखा वाजायचा. एकदा तर आत उंदीर शिरून वायरी कुरतडून गेला. "तुमच्या बाप्पाचं वाहन माझ्या वाहनात शिरलंय, आता मी कोणाकडं तक्रार करू?" असं हुसेनभाय म्हणायचा. पण खरं दुखणं वेगळं होतं. उभ्या हयातीत त्यानं एवढी एकच हौस केली होती, आणि लोक गाडीभोवती फिरून शेवटी त्या भोकांपाशी येऊन "अरेरे" करायचे.

फायबरचं काम म्हटल्यावर तो माझ्याकडे आला. मी दोन सपाट तुकडे कापले, काळे रंगवले, स्क्रूनं बसवले आणि लांब उभा राहून बघितले. हुसेनभायनंही बघितले. "शरदभाय," तो म्हणाला, "गाडीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं काय?" बोलायची सोय नव्हती, दिसतच तसं होतं. मी टाक्यांचा माणूस, मला गळती बंद करता येते, चेहरा करता येत नाही. मग मला पेण आठवलं. सुमनताईंचं बोलणंही कानात होतंच. रविवारी आम्ही नागोठण्याच्या रस्त्यानं ती लाल गाडी कारखान्याच्या अंगणात नेऊन उभी केली.

अनंतराव ओटीवरून उतरले, हात खिशातच. गाडीला एक फेरी मारली. हुसेनभायनं हेडलाइट वर-खाली करून दाखवले, तर म्हणाले, "ते राहू दे, तो निव्वळ खेळ झाला." मग आत वळून हाक मारली, "सुमन, माझा पाट आण गो." पाट आला. तो त्यांनी गाडीच्या बरोबर समोर, मातीत मांडला आणि मांडी घालून बसले. गल्लीतली माणसं जमली, हसायला लागली. कोणीतरी अगरबत्ती आणू का विचारलं. अनंतराव हलले नाहीत. उन्हाची तिरीप बंपरवरून सरकून गेली तरी बसलेलेच. शेवटी म्हणाले, "ही बघत नाय. हिच्याकडं सगळे बघतात, ही कोणाकडं बघत नाय. म्हणून माणसाला चुकल्यासारखं वाटतं." आणि मग माझे सपाट तुकडे नखानं वाजवून, "साडूभाऊ, डोळा झाकायचा नसतो. मिटलेला असला तरी आत गोळा असतो तो दिसला पाहिजे." वर लाज न बाळगता विचारतात, "हे तुम्ही केलंत की उंदरानं?"

बघून झालं, आता करायचं कोणी? ते अर्थातच मी, त्यांनी फक्त सांगायचं असं ठरलं. दोन्ही भोकांना तेल लावून मी आत प्लास्टर भरलं आणि जागेचे ठसे घेतले. ते ठसे आखणीच्या खोलीत चौरंगावर ठेवले. शाडूची माती मळली. अनंतराव पाटावर बसून मला सांगत होते, वर जरा उचला, कडेला दाबा, तिथं नाय, तिथं नाय, अहो तिथं नाय... आणि मग त्यांना ते सहन झालं नाही. उजवा हात खिशातून बाहेर आला. कापतच आला. त्यांनी अंगठा मातीवर टेकवला, दाबला आणि फिरवला.

हात कापत नव्हता! हवेत धरला की थरथरणारा तो हात मातीवर टेकला, त्याच्यावर अंगाचा भार आला की दगडासारखा स्थिर होत होता. ब्रशला टेकायला जागा नसते, अंगठ्याला असते. अंगठा वरच्या कडेवरून गेला आणि पापणीसारखी एक धार उठली. खाली आला आणि मधे हलकासा फुगवटा राहिला. त्या धारेची सावली फुगवट्यावर पडली, आणि नुसत्या मातीत, रंगाचा एक थेंब नसताना, डोळा दिसायला लागला. दारात सुमनताई चहा घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही बघितलं होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. हात गेला तेव्हा त्या घरात कोणी बोललं नव्हतं. तो परत येत होता तेव्हाही नाही. चहा कधी निवला तेही कळलं नाही. अनंतरावांना मात्र आपण काय करतोय याचा पत्ताच नसावा. "रंग नको," एवढंच म्हणाले, "सावली पुरे."

पुढचं काम माझं. मातीवरून प्लास्टरचा साचा, साच्याला आतून मेण चोपडायचं, मग रेझिन आणि फायबरची मॅट. कडा घासून, गाडीचाच लाल रंग मारून ती दोन झाकणं मी भोकांत बसवली. केसभरही फट नाही. अनंतरावांनी आतूनच दोन स्वच्छ रुमाल पाठवले, ते मी त्यांवर टाकले. कारखान्यातून मूर्ती बाहेर निघते तेव्हा तिचं तोंड झाकतात, तशी पद्धत. गाडी न्यायला हुसेनभाय आला, रुमाल निघाले. तो बघत राहिला, डोकं खाजवलं, आणि मनात काहीही न ठेवता म्हणाला, "मास्तर, नजर तर आली... पण माझी गाडी झोपली काय हो?"

सगळे खो खो हसले. मीही हसलो असेन. खरंच, उभ्यानं बघितलं तर दोन्ही डोळ्यांवर पापण्या उतरलेल्या, जेवून पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारख्या. ती झाकणं चौरंगावर असताना अनंतरावांनी पाटावरून वर बघत घडवली होती, आणि गाडीवर ती गुडघ्याएवढ्या उंचीवर बसली. त्या क्षणापर्यंत त्यांनी ती उभं राहून बघितलीच नव्हती. आता बघितली. उजवा हात पुन्हा खिशात गेला... आणि ते आत निघून गेले. सुमनताईंनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरू शकत नाही. मी झाकणं काढून ओटीवर ठेवली. रोह्याला परत येताना मी हुसेनभायशी बोललो नाही. त्याची चूक काहीच नव्हती, पण माणसाला कोणावर तरी चिडावं लागतं. मला वाटलं, झालं, संपला माणूस. आणि संपवायला मीच गाडी घेऊन गेलो.

सकाळी शेजारच्या दुकानात माझ्यासाठी फोन. "साडूभाऊ, या. माती मळून ठेवलीय." आवाजात तोच जुना माज. पोचलो तर कालची झाकणं बाजूला सारलेली आणि हे अंगणात फेऱ्या मारतायत. "बाप्पा उंच बसतो, आपण खाली पाटावर. म्हणून त्याची नजर खाली लावायची. तीन पिढ्या आमच्या हातांना तेवढंच ठाऊक," ते म्हणाले. "आता मला सांगा, गाडीसमोर पाट मांडून कोण बसतं?" मी म्हटलं, "तुम्ही." ते हसले! किती तरी महिन्यांनी हसले. या वेळी त्यांनी प्लास्टरचे ठसे चौरंगावर न ठेवता जमिनीवर ठेवले. माती लावायला खाली बसत, बघायला उठून उभे राहत, पुन्हा बसत. गुडघे कुरकुरत होते, तोंडही कुरकुरत होतं, अंगठा मात्र चुकत नव्हता. पापणीची धार मागे गेली, फुगवट्यानं किंचित वर तोंड केलं.

नवी झाकणं बसली तरी त्यांचं समाधान होईना. "उभ्या गाडीचं काय घेऊन बसलात, ती येताना कशी बघते ते बघायला पाहिजे." म्हणून खोपोलीच्या रस्त्याला, गागोद्याच्या अलीकडे आम्ही गेलो. संध्याकाळ व्हायला आली होती, दोन्हीकडे वालाची शेतं. अनंतराव रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, लांबून या, सरळ माझ्यावर या. हुसेनभाय घाबरला. मी शेजारी बसलेलो, मीही घाबरलो. गाडी निघाली. समोर तो किरकोळ माणूस, पांढरा सदरा, दोन्ही हात मोकळे सोडलेले, मान थोडी तिरकी. कुठलाही माणूस अंगावर येणाऱ्या गाडीकडे बघतो तो तिला चुकवण्यासाठी. हे तिच्या डोळ्यांत बघत होते. हुसेनभायनं करकचून ब्रेक मारला तेव्हाही हलले नाहीत. फक्त बोटानं खूण केली, पुन्हा. तसं किती वेळा झालं कोण जाणे. नंतर दोन बायका डोक्यावर भारे घेऊन शेताच्या बांधावरून रस्त्यावर आल्या. गाडी जवळ आली तशी त्यातली म्हातारी बाजूला झाली, भारा सावरला आणि दुसरीला म्हणाली, "गो बाय, बगतंय बग कसं माज्याकडं! सरक, सरक."

आम्ही खाली उतरलो. अनंतराव रस्त्याच्या कडेला धुळीतच बसले होते आणि उजव्या हाताकडे बघत होते. हात मांडीवर होता आणि थोडा कापत होता. "ऐकलंत?" मला म्हणाले. मी म्हटलं, "ऐकलं." "मग ओरडून सांगा की पेणमध्ये! मीच किती सांगू?" डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं हे असलं.

ब्रश त्यांनी पुन्हा हातात धरला नाही. दुसऱ्याच आठवड्यात प्रभाकरकडे माती मागितली आणि ज्या मूळ मूर्तीवरून साचे निघतात, त्या मूर्ती करायला घेतल्या. डोळ्याची कड ते अंगठ्यानं आणि नखानं अशी उठवत, की नवशिक्याचा ब्रशसुद्धा तिच्यावरून घसरत बरोबर जागी जायचा. आज पेणच्या किती कारखान्यांत त्यांच्या मूर्तींचे साचे आहेत! गेले पाच-सहा गणपती रोह्यातल्या घरोघरी आरतीला उभा राहिलो की मला ओळखू यायचं, हा अनंतरावांचा अंगठा. खिशात हात घातलेले अनंतराव मात्र मला परत दिसले नाहीत. हात कापायचा, अधिकच कापायचा, चहाची बशी वाजायची. विचारलं तर म्हणत, "वाजू दे. कामाला लागला की गप होतो."

दहाव्याला हुसेनभाय त्याच गाडीतून आला. घाटावरून परतल्यावर सगळे पांगले आणि मी उगाच आखणीच्या खोलीत गेलो. तिथे समोरच्या भिंतीवर, चौरंगाच्याच उंचीला, खिळ्यांना अडकवून, ती पहिली फसलेली जोडी आहे. दोन लाल, पेंगणारी झाकणं. इतकी वर्षं दारात उभा राहून मी त्यांची चेष्टा केली, "अनंतराव, तुमची झोपाळू जोडी जागी झाली का?" ते म्हणायचे, "तुम्ही उभेच राहा, साडूभाऊ." मला वाटायचं, बस म्हणत नाहीत म्हणजे रागावलेत. खोलीत बसायला त्यांचा पाट सोडून दुसरं काही नव्हतं, आणि त्या पाटावर ते असताना काय, नसतानाही कोणी बसत नसे. सुमनताई मागून आल्या, म्हणाल्या, "उभे कशाला? बसा ना आता... कोण बोलणार आहे." मी पाटावर बसलो. गुडघे मोडून, मांडी घालून, ते बसायचे तसा. आणि वर बघितलं.

पापण्या उचललेल्या होत्या. दोन्ही डोळे टक्क उघडे, सरळ माझ्याकडे बघत होते. या पाटावरून, या उंचीवरून, ते पहिल्या दिवसापासून उघडेच होते. सुमनताईंनी आतून विचारलं, चहा साखरेचा करू की गुळाचा. मी उत्तर दिलं, पण त्यांना काही ऐकूच गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं... माझा आवाज खाली आला होता.